जेट्स, रॉजर्स आणि ४.९ कोटी डॉलर: ऑफसीझनचा वाद घालण्यापूर्वी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका मराठी घरात वडील आणि मुलगा दोघंही न्यूयॉर्क जेट्स या अमेरिकन फुटबॉल टीमचे चाहते. वडील म्हणतात, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ॲरन रॉजर्सला घालवण्यासाठी ४.९ कोटी डॉलर मोजणं हा शुद्ध वेडेपणा होता. मुलगा म्हणतो, २०२३ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या टाचेमागची कंडरा (अकिलीज टेंडन) तुटली नसती तर सगळं गणित जुळलं असतं आणि खरी चूक कोचची होती. आणि दोघांनाही पडलेला प्रश्न: मोठ्या दुखापतीतून उठणारा खेळाडू ‘पहिल्या सामन्याला तयार असेल’ अशी बातमी येते, तिच्यावर किती विसंबायचं?

पैसा, कोच आणि दुखापत हे तीन वेगळे वाद नाहीत, असं माझं ठाम मत आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला प्रत्येक मोठा करार ही ‘हा खेळाडू अमुक इतके दिवस धडधाकट राहील’ यावर लावलेली बोली असते. ऑफसीझनमधला, म्हणजे दोन हंगामांच्या मधल्या काळातला, कुठलाही निर्णय तपासायचा तर एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस पहिल्याच दिवशी जायबंदी झाला तर टीमच्या हातात काय उरतं? २०२३ साली जेट्सच्या हातात जवळजवळ काहीच उरलं नाही. दोष शोधायचा तर तिथे शोधावा.

आधी पैशाचं बघू, कारण वडिलांचा आकडा बरोबर आहे आणि त्याचा अर्थ चुकलाय.

एनएफएलमध्ये प्रत्येक टीमच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, ती सॅलरी कॅप. २०२३ साली ती २२.४८ कोटी डॉलर होती, २०२४ साली २५.५४ कोटी आणि २०२५ साली २७.९२ कोटी. खेळाडूच्या खात्यात पैसे कधी जमा होतात आणि कॅपवर कधी मोजले जातात, या दोन अगदी वेगळ्या तारखा असतात. सगळी गंमत आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. सही करताना दिलेला बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षं. करार दोनच वर्षांचा असेल तर पुढे आपोआप रद्द होणारी खोटी वर्षं जोडतात, निव्वळ हा भार पसरवण्यासाठी.

रॉजर्सचं हेच झालं. जुलै २०२३ मध्ये त्यानं आधीच्या करारातले सुमारे ३.५ कोटी सोडून दोन वर्षांसाठी ७.५ कोटींची पूर्ण हमी घेतली. पैसे त्याला त्या दोन वर्षांत मिळाले. कॅपवर मात्र २०२३ साली एक कोटीच्याही आत भार पडला आणि २०२४ साली साधारण १.७ कोटी. दोन्ही मिळून २.६ कोटी. ७.५ मधून २.६ वजा करा: उरले ४.९. मार्च २०२५ मध्ये त्याला सोडलं तेव्हा हेच ४.९ कोटी ‘डेड मनी’ म्हणून, म्हणजे टीममध्ये नसलेल्या खेळाडूचा कॅपवरचा भार म्हणून, समोर आले. म्हणजे ही त्याला घालवायची किंमत नव्हती. तो ज्या दोन हंगामांत जेट्सचा होता त्यांचंच हे बिल, फक्त उधारीवर पुढे ढकललेलं. ते १.४ कोटी २०२५ मध्ये आणि ३.५ कोटी २०२६ मध्ये असं विभागलं, ते ‘१ जूननंतरची सुटका’ या नियमामुळे. टीमला दरवर्षी दोन खेळाडूंना मार्चमध्येच सोडूनही हिशेबापुरतं १ जूननंतर सोडल्यासारखं दाखवता येतं. चालू वर्षाचा हप्ता या वर्षी आणि उरलेले सगळे हप्ते पुढच्या वर्षी मोजले जातात. मात्र या सवलतीतून मोकळी होणारी जागा २ जूनपर्यंत वापरता येत नाही, त्यामुळे मार्चमधल्या मोठ्या खरेदीला तिचा उपयोग नसतो. ‘रॉजर्सला सोडलं, आता ते पैसे घेऊन अमक्याला आणा’ हा मार्चमधला युक्तिवाद तिथेच कोसळतो.

हे गणित हाताशी राहावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण घ्या. चार वर्षांचा करार, सहीचा बोनस २.४ कोटी, म्हणजे दर वर्षी ६० लाख कॅपवर. तिसऱ्या वर्षाचा मूळ पगार १.२ कोटी, त्याला हमी नाही. तिसऱ्या वर्षी त्याचा कॅपवरचा भार १.८ कोटी. मार्चमध्ये त्याला सोडलं तर राहिलेल्या दोन वर्षांचे १.२ कोटी एकदम अंगावर येतात आणि बचत होते फक्त ६० लाखांची. १ जूननंतरची सुटका म्हणून नोंदवलं तर यंदा ६० लाख डेड, पुढच्या वर्षी ६० लाख डेड आणि यंदाची बचत १.२ कोटी. सोडायचंच नसेल तर तिसरा मार्ग: पगारातले १.०८ कोटी बोनसमध्ये बदलायचे आणि १२ लाख पगार ठेवायचा. ते १.०८ कोटी उरलेल्या दोन वर्षांवर ५४-५४ लाख असे वाटले जातात, यंदाचा भार १.८ वरून १.२६ कोटींवर येतो आणि पुढच्या वर्षी ५४ लाख जास्त मोजावे लागतात. चाहते या तिसऱ्या प्रकाराला ‘जागा तयार केली’ म्हणतात. जागा तयार होत नाही, पुढच्या वर्षाकडून उसनी घेतली जाते. तिशी ओलांडलेल्या आणि गुडघ्याचा किंवा मानेचा इतिहास असलेल्या खेळाडूचा करार असा बदललेला दिसला की माझ्या मते ती धोक्याची घंटा समजावी, कारण पुढच्या वर्षी तो खेळो न खेळो, त्याचा भार वाढलेला असतो.

ट्रेडमध्येही, म्हणजे खेळाडू दुसऱ्या टीमला देण्यातही, तसंच. आधी दिलेला बोनस जुन्या टीमच्याच माथी राहतो, पुढचा पगार नव्या टीमकडे जातो. जेट्सनं जुलै २०२५ मध्ये बचावातल्या सॉस गार्डनरशी चार वर्षांचा १२.०४ कोटींचा वाढीव करार केला आणि नोव्हेंबरमध्ये त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवलं, बदल्यात २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या निवडी (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि एक रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू). ‘इतका मोठा करार करून चार महिन्यांत कसा विकला’ असा संताप तेव्हा उसळला होता. १ जूननंतरच्या ट्रेडमुळे बोनसचे पुढचे हप्ते २०२६ मध्ये जातात, हे धरलं की तो व्यवहार निदान हिशेबाच्या बाजूनं समजतो. पटावा असा माझा आग्रह नाही.

हमी हा शब्द बातमीत एकटा येतो, पण तिचे तीन भाग असतात: खेळ खालावला म्हणून काढलं तरी पैसे, कॅपच्या अडचणीमुळे काढलं तरी पैसे, आणि दुखापतीमुळे खेळता येत नसल्यानं काढलं तरी पैसे. तिन्ही असतील तरच ‘पूर्ण हमी’. बऱ्याच करारांत पुढच्या वर्षाच्या पगाराला आधी फक्त दुखापतीची हमी असते आणि मार्चमधल्या ठरलेल्या दिवशी ती पूर्ण हमी बनते. क्वार्टरबॅकला हंगामाच्या शेवटी अचानक बाकावर का बसवतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. २०२२ च्या शेवटच्या दोन सामन्यांत रेडर्सनी डेरेक कारला बसवलं, कारण त्याला मोठी इजा झाली असती तर पुढचे सुमारे ४ कोटी डॉलर टीमच्या गळ्यात पडले असते. जेट्सच्याच मैदानात खेळणाऱ्या जायंट्सनी नोव्हेंबर २०२४ मध्ये डॅनियल जोन्सला आधी बसवलं आणि त्याच आठवड्यात सोडलं, तेव्हा २०२५ साठी २.३ कोटींची दुखापतीची हमी टांगती होती. कोचला वाटेल तो खेळतो, हे दर वेळी खरं नसतं.

आता मुलाच्या मुद्द्याकडे. कंडरा तुटली हे दुर्दैवच. ११ सप्टेंबर २०२३, मेटलाइफ स्टेडियम, बफेलो बिल्सविरुद्ध, रॉजर्सचा चौथा स्नॅप, म्हणजे चौथीच खेळी. ३९ वर्षांचा माणूस, डाव्या पायाची अकिलीज टेंडन. पण दुर्दैव कुठे आदळणार याची तयारी आधीच झालेली होती. त्या दिवशी डाव्या टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीच्या डाव्या टोकाला, ड्युएन ब्राउन होता: ३८ वर्षांचा, ऑफसीझनमध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झालेला आणि शिबिराचा बराच काळ बाहेर बसलेला. दोन सामन्यांनंतर तोही जायबंदींच्या यादीत गेला. दुसरा तरुण टॅकल मेकाय बेक्टन गुडघ्यामुळे आधीच्या दोन हंगामांत मिळून एकच सामना खेळला होता. म्हणजे ज्या एका माणसावर हंगाम टांगलेला, त्याच्या संरक्षणाची भिंत अशाच खेळाडूंची की ज्यांच्या तब्येतीबद्दल आधीपासून शंका होती.

रॉजर्सला जेट्समध्ये आणणाऱ्या ट्रेडचा मजकूर वाचला तर त्यात जेट्सनं एक गोष्ट फार नेटकी केली होती. ग्रीन बे पॅकर्सना २०२३ ची १३ वी, ४२ वी आणि २०७ वी निवड दिली, बदल्यात रॉजर्ससोबत १५ वी आणि १७० वी घेतली. २०२४ ची दुसऱ्या फेरीतली निवड सशर्त होती: रॉजर्स ६५ टक्के स्नॅप खेळला तर ती पहिल्या फेरीची होणार. तो चारच स्नॅप खेळला, त्यामुळे पहिल्या फेरीची निवड वाचली. ४० ला टेकलेल्या खेळाडूसाठी अशीच अट लिहावी. पण १३ वरून १५ वर उतरण्याची किंमतही होती. मधल्या १४ व्या जागेवर पिट्सबर्ग स्टीलर्सनी उडी मारून ब्रॉडरिक जोन्स हा टॅकल उचलला. १५ व्या निवडीत जेट्सनं विल मॅकडॉनल्ड हा बचावातला खेळाडू घेतला. टॅकलची निकड कोणाला जास्त होती ते सांगायला नको.

सगळ्यात महागात पडलेला निर्णय मात्र राखीव क्वार्टरबॅकचा. रॉजर्सच्या मागे झॅक विल्सन ठेवला, ज्याला आदल्या वर्षी खेळ घसरल्यामुळे बाकावर बसवावं लागलं होतं. २०२० ते २०२२ या काळात बहुतेक वेळ जेट्सच्याच तंबूत असलेला ज्यो फ्लॅको तेव्हा मोकळा होता, घरी बसून फोनची वाट पाहत होता. जेट्सचा फोन गेला नाही. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनी त्याला आधी सराव पथकात घेतलं, तो पाच सामन्यांत उतरला, चार जिंकले, आणि त्यातला एक २८ डिसेंबरला जेट्सविरुद्धच, ३७-२० असा. जेट्स ७-१० (७ विजय, १० पराभव) वर संपले. हा मुद्दा मला फार लागतो, कारण इथे कॅपची अडचण नव्हती, नियमाची नव्हती. फक्त ‘विल्सनचा आत्मविश्वास दुखावेल’ छापाच्या विचारांना टीमच्या गरजेपेक्षा मोठं केलं गेलं. ३५ च्या पुढचा क्वार्टरबॅक घेतला की दुसऱ्या क्रमांकाचा माणूस असा हवा, ज्याच्याकडे सुरुवातीपासून सामने खेळल्याचा भरपूर अनुभव आहे आणि जो त्याच पद्धतीत शिबिरभर सराव करतोय. २०२४ मध्ये जेट्सनं टायरॉड टेलरला दोन वर्षांसाठी जास्तीत जास्त १.८ कोटींवर घेतलं. तोच खर्च एक वर्ष आधी करायला हवा होता.

कोचच्या बाबतीत मुलगा बरोबर दिशेनं बघतोय, पण नेम थोडा चुकतो. जानेवारी २०२३ मध्ये नॅथानियल हॅकेटला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा कोच, नेमलं. तो २०१९ ते २०२१ ग्रीन बेमध्ये रॉजर्ससोबत होता आणि डेन्व्हरमधून पहिल्याच हंगामात मुख्य कोच म्हणून काढला गेला होता. ट्रेड झाला तो त्यानंतर, एप्रिलमध्ये. कोच एका खेळाडूच्या सोयीनं निवडणं हे पाप नाही, पण त्याची पद्धत त्या खेळाडूच्या डोक्यातल्या गोष्टींवर उभी असेल तर घोटाळा होतो. रॉजर्स लाइनवर उभं राहून बचाव वाचतो, ऐन वेळी खेळी बदलतो, रिसीव्हरशी नजरेनं बोलतो. हे सगळं काढून घेतल्यावर उरते ती खेळ्यांची यादी तरुण क्वार्टरबॅकसाठी लिहिलेली नसते. त्याला हवा असतो धावण्यावर उभा केलेला डाव, प्ले-ॲक्शन (धावेचा आव आणून फेकणं), एका बाजूचं मैदान वाचायला लावणारे सोपे फेक आणि संरक्षणाचे ठरलेले आदेश. दोन वेगळी पुस्तकं लागतात, आणि दुसरं पुस्तक सप्टेंबरमध्ये लिहायला घेतलं तर उशीर झालेला असतो. नव्या कोऑर्डिनेटरची नेमणूक झाली की चाहत्यांनी विचारावं: याच्या पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकनं याआधी कधी चांगलं खेळून दाखवलंय का? ‘यानं अमक्या सुपरस्टारसोबत किती गुण केले’ या प्रश्नातून कोचबद्दल फारसं कळत नाही.

२०२४ मधली हकालपट्टी वेगळ्या कारणासाठी अभ्यासण्यासारखी आहे. लंडनमध्ये मिनेसोटाकडून हरल्यावर, २-३ अशा स्थितीत, ८ ऑक्टोबरला मुख्य कोच रॉबर्ट सालेहला काढलं. हंगामी मुख्य कोच झाला बचावाचा कोऑर्डिनेटर जेफ उल्ब्रिक, आणि हॅकेटकडून खेळ्या सांगण्याचं काम टॉड डाउनिंगकडे गेलं. उरलेल्या १२ सामन्यांत ३ विजय, शेवट ५-१२. वाईट होता तो आक्रमणाचा भाग, आणि ढासळला चांगला असलेला बचाव. त्यामागचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. सालेह स्वतः बचावाचा माणूस, म्हणजे त्याच्या जाण्यानं त्या बाजूचा एक जाणकार गेला, आणि उरलेल्या उल्ब्रिकवर पत्रकार परिषदा, प्रवासाचं नियोजन, चौथ्या डाऊनचे (शेवटच्या संधीचे) निर्णय हे सगळं येऊन पडलं. आक्रमणाचं दुखणं म्हणून मुख्य कोच काढायचा आणि जागा बचावाच्या कोऑर्डिनेटरनं भरायची, हा उपाय दुखण्याच्या जागी लागतच नाही. कोचच्या पगाराचा कॅपशी काही संबंध नसतो, तो मालकाच्या खिशातून जातो. त्यामुळे चिडलेल्या मालकाला सगळ्यात सोपं जातं ते कोच काढणं, आणि म्हणूनच ते सगळ्यात घाईनं केलं जातं.

जानेवारी २०२५ मध्ये ॲरन ग्लेन मुख्य कोच म्हणून आला. जेट्सनंच १९९४ च्या पहिल्या फेरीत निवडलेला कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) आणि नंतर डेट्रॉइटचा बचाव कोऑर्डिनेटर. नव्या मुख्य कोचच्या टीमला ऑफसीझनचा सराव इतरांपेक्षा दोन आठवडे आधी सुरू करता येतो आणि एक जादा ऐच्छिक शिबिर मिळतं. त्या काळात एका नेमणुकीकडे जरूर लक्ष ठेवा, तिची बातमी कोणी छापत नाही: शारीरिक तयारीचा कोच बदलला का? तो बदलला की धावण्याचं आणि वजनाचं वेळापत्रक बदलतं, आणि शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या खेळाडूच्या पुनर्वसनाचा धागा मधेच दुसऱ्याच्या हातात जातो. हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) तक्रारी वाढलेल्या दिसल्या तर आधी तिथे बघावं.

आता दुखापतीचं वेळापत्रक. इथे जेट्सचेच खेळाडू उत्तम उदाहरण आहेत, म्हणून बाहेर फार जायला नको.

चेंडू घेऊन धावणाऱ्या ब्रीस हॉलच्या गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट २३ ऑक्टोबर २०२२ ला डेन्व्हरमध्ये फाटलं. तो परतला ११ सप्टेंबर २०२३ ला, साधारण साडेदहा महिन्यांनी, आणि १० धावांत १२७ यार्ड काढले, त्यातली एक ८३ यार्डांची. तरीही पुढचे काही आठवडे त्याच्या वाट्याच्या खेळी मोजूनमापून दिल्या जात होत्या. मर्यादा उठली आणि ८ ऑक्टोबरला त्याच डेन्व्हरमध्ये त्यानं १७७ यार्ड काढले. परत येणं आणि पूर्ण परत येणं यांत एक महिना गेला, आणि हे चांगल्यात चांगलं उदाहरण. एसीएलमध्ये नवा लिगामेंट म्हणून स्वतःच्याच शरीरातला टेंडन बसवतात, बहुधा वाटीखालचा किंवा मांडीमागचा. बसवलेला तुकडा पहिल्या काही आठवड्यांनंतर आधी कमजोर होतो, मग त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या आणि नवे तंतू येतात. दीड-दोन महिन्यांनी गुडघा दुखत नाही, खेळाडू खुश असतो, व्हिडिओ टाकतो, आणि नेमका तेव्हा आतला तुकडा सगळ्यात नाजूक अवस्थेत असतो. त्यामुळे व्हिडिओवरून काही ठरवू नका. बघायचं ते हे: नऊ महिने पूर्ण झाले का, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निरोगी पायाच्या किमान ९० टक्के आहे का, एका पायावरच्या उडीत अंतर आणि जमिनीवर टेकण्याची ढब दोन्ही बाजूंना सारखी आहे का. आकडे बाहेर येत नाहीत, पण कोच ‘तो बाजूला धावतोय’ म्हणतो की ‘तो टीमसोबत सात विरुद्ध सातच्या सरावात आहे’ म्हणतो, यातून अंदाज येतो. सरळ रेषेत पळणं आणि समोरचा माणूस ठरवेल तिकडे वळणं यांत कित्येक आठवड्यांचं अंतर असतं.

अकिलीजची गोष्ट निराळी. इथे नुसतं जुळून येणं पुरत नाही, टेंडन मूळच्या लांबीला जुळायला हवं. ते थोडं लांबट जुळलं तर पोटरीचा स्नायू कितीही कमावला तरी ढकलण्याची ताकद पुरी येत नाही, सैल दोरीनं ओढल्यासारखं होतं. म्हणून पहिल्या सहा-आठ आठवड्यांत टाच वर उचलून धरणारा बूट घालतात, आतल्या पाचरी एकेक करून काढतात, आणि पोटरी ताणणं मुद्दाम टाळतात. पुढची कसोटी साधी आहे: एका पायावर टाच उचलायची, पुन्हा पुन्हा, आणि किती वेळा याच्याइतकंच किती उंच हेही दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं. वेळा भरल्या आणि उंची भरली नाही तर टेंडन लांबलंय असं समजावं. साधारण नऊ ते बारा महिने धरावेत. कॅम अ‍ॅकर्स हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) २०२१ मध्ये सहा महिन्यांच्या आत परतला आणि त्याचं सगळीकडे कौतुक झालं, पण त्या प्लेऑफमध्ये त्याची दर धावेमागची सरासरी ३ यार्डांच्या आतच राहिली. रॉजर्सलाही २०२३ च्या नोव्हेंबरअखेर सरावाला उतरवलं, डिसेंबरमध्ये ५३ जणांच्या यादीतही घेतलं. पण तो खेळला नाही, आणि तेच योग्य झालं. २०२४ मध्ये तो सगळे १७ सामने खेळला: ३,८९७ यार्ड, २८ टचडाऊन, ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले फेक). टाच जुळली होती. मात्र दबावातून निसटून धावत फेकणं, जे त्याचं खरं वेगळेपण होतं, ते कमी झालं. ते टाचेमुळे की वयामुळे हे वेगळं काढता येत नाही. चाळिशीतल्या खेळाडूचा अंदाज बांधताना दोन्ही एकत्रच धरावं.

याच टीममधला गार्ड (टॅकलच्या शेजारचा रक्षक) अलिजा व्हेरा-टकर २०२२ मध्ये दंडाच्या ट्रायसेप्समुळे आणि २०२३ मध्ये अकिलीजमुळे बाहेर गेला. अशा खेळाडूला चाहते ‘काचेचा’ म्हणतात. दोन वेगळ्या जागच्या, वेगळ्या तऱ्हेच्या दुखापती म्हणजे बहुतांशी दुर्दैव. एकाच जागची पुन्हा पुन्हा होणारी दुखापत, विशेषतः हॅमस्ट्रिंग किंवा पोटरी, ही मात्र खरी माहिती असते, कारण आधीची हॅमस्ट्रिंग ही पुढच्या हॅमस्ट्रिंगची सर्वांत भरवशाची सूचना. करार छोटा ठेवायचा, पैसे दर सामन्याला उपस्थितीप्रमाणे द्यायचे, हे अशा खेळाडूसाठी. २०२४ मध्ये ३३ वर्षांच्या टायरन स्मिथला जेट्सनं ६५ लाखांची हमी आणि बाकीचे खेळला तर मिळतील असे, एकूण २ कोटींपर्यंत, असा करार दिला. नोव्हेंबरमध्ये मानेमुळे त्याचा हंगाम संपला, पण करार बरोबर होता. खेळाडूच्या निवडीवर टीका जरूर करा, त्या कराराच्या रचनेवर करू नका.

याद्यांची नावंही ओळखून ठेवा, कारण ऑगस्टमध्ये अर्धे वाद त्यांच्यावरून होतात. जुन्या दुखापतीमुळे शिबिराच्या पहिल्या दिवशी सरावाला उतरता न येणारा खेळाडू ‘पीयूपी’ यादीत जातो. ५३ ची अंतिम यादी लागते तेव्हाही तो तिथेच असेल तर किमान पहिले चार सामने गेले. एकदा सरावाला उतरला की त्याला या यादीत परत टाकता येत नाही, म्हणून टीम घाई करत नाही. ‘आयआर’ म्हणजे जायबंदींची यादी: किमान चार सामने बाहेर, आणि नियमित हंगामात टीमला आठ वेळाच त्यातून खेळाडू परत आणता येतो. परत आणायचं ठरलं की २१ दिवसांची सरावाची खिडकी उघडते. त्यात मुख्य यादीत घेतलं नाही तर हंगाम संपला. फुटबॉलबाहेर, म्हणजे घरी किंवा खाजगी व्यायामात, इजा झाली तर ‘एनएफआय’ यादी, जिथे टीमला पगार नाकारण्याची मुभा असते. आठवड्याच्या दुखापतींच्या अहवालात बुधवारपेक्षा शुक्रवारची नोंद बघा. बुधवारी अनुभवी खेळाडूंना विश्रांती असते. बुधवारी मर्यादित सराव, गुरुवारी मर्यादित आणि शुक्रवारी गैरहजर असा क्रम दिसला तर तब्येत उलट्या दिशेनं चाललीय.

मैदानाबद्दल थोडंच. मेटलाइफचं कृत्रिम गवत २०२३ च्या हंगामाआधीच बदललं होतं, तरी रॉजर्सनंतर खेळाडूंच्या संघटनेनं नैसर्गिक गवताची मागणी पुन्हा लावून धरली. एका दुखापतीचा दोष एका मैदानावर टाकता येत नाही. पण २०२६ च्या सॉकर विश्वचषकासाठी फिफाच्या अटीप्रमाणे त्याच स्टेडियममध्ये नैसर्गिक गवत लागतं, आणि एनएफएलच्या खेळाडूंना ते मिळत नाही, हे खेळाडूंचं गाऱ्हाणं मला पूर्ण रास्त वाटतं.

वडील आणि मुलानं पुढच्या मार्चमध्ये वाद सुरू करण्यापूर्वी कागदावर प्रत्येक मोठ्या खेळाडूपुढे चार आकडे मांडावेत: यंदाचा कॅपवरचा भार, आज सोडला तर डेड मनी, १ जूननंतर सोडला तर डेड मनी, आणि त्याची पुढची हमी कोणत्या तारखेला पक्की होते. पाचव्या रकान्यात त्याची शेवटची मोठी दुखापत आणि तिला झालेले महिने. सहाव्यात, तो नसेल तर त्याच्या जागी कोण. जेट्सच्या २०२३ च्या यादीत क्वार्टरबॅकसमोरचा सहावा रकाना आणि डाव्या टॅकलसमोरचा पाचवा रकाना ऑगस्टमध्येच वाचता येण्यासारखे होते.